जीजी, मला उठू द्या

मी बरी झाल्यापासून बायका मला एकच गोष्ट विचारतात, औषध कुठलं घेतलंत? शनवाऱ्याच्या बाजारात भाजी घेताना विचारतात, मुलीला शाळेत सोडायला आल्या की फाटकाशी थांबून विचारतात. औषध नव्हतंच, असं मी सांगते तेव्हा त्यांचा चेहरा उतरतो. काहींना वाटतं, ही लपवतेय. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. ज्यांच्या घरात कुणाचे हातपाय असे अचानक गेले असतील, त्यांच्यासाठी हे आहे. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत मुलींना शिकवते. माझ्यावर काय आलं आणि ते कसं गेलं, तेवढंच मला सांगता येईल.

*

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास माझं पोट बिघडलं आणि थोडा ताप येऊन गेला. घरोघरी तेच चाललं होतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ताप उतरला आणि तळपायांना मुंग्या यायला लागल्या. खूप वेळ मांडी घालून बसल्यावर येतात तशाच, पण चाललं तरी जात नव्हत्या. शाळेचा जिना चढताना कठडा धरावा लागला. मला वाटलं, अशक्तपणा असेल.

मग एका संध्याकाळी भाजी घेऊन घरी येत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बुटकी पायरी आहे. तिच्यावर मी पाय ठेवला, निदान मला तसं वाटलं. पाय उचललाच गेला नव्हता. तोंडावर पडले, वांगी रस्ताभर झाली. दोघी बायकांनी मला उभं केलं आणि हात सोडल्याबरोबर मी पुन्हा खाली बसले. दुखत काही नव्हतं. पाय माझे आहेत असं वाटतच नव्हतं.

सकाळी माझ्या सासूबाईंनी, त्यांना आम्ही सगळे जीजी म्हणतो, चहाची कपबशी माझ्या हातात दिली आणि ती हातातून निसटली. जीजी फुटलेल्या कपाकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "अंगावरून वारं गेलं व माय."

आमचे नेहमीचे डॉक्टर आले. त्यांनी छोट्या हातोडीनं माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली, जरा जोरात. मग ते मोरीपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. मला त्या हात धुण्याचीच भीती वाटली.

"इंदूरला न्या," ते माझ्या यजमानांना म्हणाले. "आजच निघा."

*

एरवी आम्ही नागपूरला गेलो असतो. हे तहसिलीत कारकून, यांच्या खात्याची मोठी कचेरी नागपूरला, ओळखीपाळखी सगळ्या तिकडच्या. पण त्याच दिवसांत राज्यांची नवी मांडणी झाली होती. नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला आली. यांची रजा कुणी मंजूर करायची, नागपूरच्या साहेबांनी की भोपाळच्या, हे तहसिलीत कुणालाच सांगता येईना.

"मंजूर होवो न होवो," हे म्हणाले, "मी निघालो."

आमची मंजू तेव्हा चार वर्षांची होती. फोपनारहून माझा धाकटा भाऊ वसंता आणि त्याची बायको आली आणि तिला घेऊन गेली. मामाकडे केळीच्या बागेत खेळायचं म्हणून ती इतकी खुशीत निघाली की तिनं मागं वळून पाहिलं नाही. त्याचं मला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं.

खंडव्याला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसायचं होतं. यांनी मला पाठीवर घेतलं. गावात माझ्याबरोबर चालताना हा माणूस नेहमी चार पावलं पुढं असायचा, लोक काय म्हणतील म्हणून. त्या दिवशी भर फलाटावरून मला पाठुंगळी घेऊन चालत होता आणि वाटेतल्या लोकांना म्हणत होता, "जरा हटना भैया, जरा जगह देना."

*

इंदूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कण्यातून पाणी काढलं, ते तपासलं आणि संध्याकाळी आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावून सांगितलं. रोगाचं नाव इंग्रजी होतं, ते मी तेव्हा लक्षात ठेवलं नाही. मज्जातंतूंना सूज आली आहे, एवढं कळलं. ती पायांकडून वर चढत जाते, कुठंतरी थांबते आणि मग आली त्या वाटेनं उतरते. बहुतेकांची उतरते.

"दवा?" यांनी विचारलं.

"इसकी कोई दवा नहीं है," डॉक्टर म्हणाले. "साँस पर नजर रखेंगे. बाकी वक्त और कसरत."

ज्या बाईला बोटसुद्धा उचलता येत नाही, तिला हे कसरत सांगतात. मला हसू आलं आणि त्यापाठोपाठ रडू आलं. डोळे पुसायला हात वर जाईना. यांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसले.

खरी भीती श्वासाची होती. सूज छातीपर्यंत चढली की श्वास अडकतो. ते कितपत आलंय हे बघायची डॉक्टरांची एक पद्धत होती. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "एक साँस में क ख ग बोलिए. देखें, कहाँ तक जाती हैं."

वर्गात मुली म्हणतात तसं मी सुरू केलं. पहिल्या दिवशी 'भ'पर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी 'ध'शी दम संपला. पुढच्या दिवशी 'ढ'. मग 'झ'. प्राणवायूचं नळकांडं माझ्या खाटेशी आणून ठेवलं. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते, पण मान वळत नसल्यामुळे ते दिसतच होतं. ज्या मुळाक्षरांना मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते, ती आता माझ्याजवळ थोडीच उरली होती.

दुसऱ्या सकाळी पुन्हा 'झ'. त्याच्या दुसऱ्या सकाळीही 'झ'. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. तोवर ते कधी बसले नव्हते. नंतर एका सकाळी 'ठ' आला. हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि तिकडेच बघत राहिले.

*

शरीर परत यायच्या आधीच व्यायाम सुरू झाला होता. मिश्रा बहनजी म्हणून एक तरुण बाई होत्या, मुंबईला हेच शिकून आलेल्या. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचून त्या रोज सकाळ-दुपार यायच्या. मी नुसती पडलेली असे आणि त्या माझा एकेक सांधा फिरवायच्या. घोटा, गुडघा, खुबा, मनगट, खांदा. माझी पावलं लुळी पडून पुढं लोंबू नयेत म्हणून खाटेच्या पायथ्याशी एक फळी उभी केली होती, तळवे तिला टेकवून ठेवायचे. मुठीत कापडाच्या गुंडाळ्या. दर थोड्या वेळानं कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात.

मी एकदा चिडून विचारलं की, मी काही करतच नाही, तुम्हीच हलवता, तर याचा उपयोग काय?

"आपके पैर छुट्टी पर गए हैं, बहनजी," त्या म्हणाल्या. त्याही मला बहनजीच म्हणायच्या. "लौटेंगे. तब तक कब्जों में जंग नहीं लगनी चाहिए." कब्जे म्हणजे बिजागऱ्या.

शेजारच्या खाटेवर गेंदाबाई होती. देवासकडच्या खेड्यातली, गाईनं ढकलल्यामुळे मांडीचं हाड मोडलेलं. पाय वजनाला बांधलेला, पण तोंड मोकळं. तिची सून दोन वेळा डबा आणायची, त्यातला घास गेंदाबाई आधी मला भरवायला लावायची. हे बाहेर गेले असले की माझ्या तोंडावरची माशी हाकलायची जबाबदारीही तिचीच. तिच्याजवळ एक लांब काडी होती, तिच्या टोकाला फडकं बांधलेलं. माशी बसली की खाटेवरूनच ती फडकं फिरवायची. कितीतरी दिवसांत मी हसले ती त्या फडक्यामुळे.

एका सकाळी बहनजींनी माझ्या मांडीवर तळवा ठेवला आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "अब कसिए." मी रोज मनातल्या मनात मांडी आवळत होते आणि रोज काही होत नव्हतं. त्या दिवशी त्यांचा हात तिथंच थांबला.

"फिर से."

मी पुन्हा जोर केला.

"कुछ हुआ क्या?" गेंदाबाईनं पलीकडून विचारलं. "म्हने तो कुछ नी दिख्यो."

"दिखेगा," बहनजी म्हणाल्या. "अभी सिर्फ हाथ को मालूम हुआ है."

त्यांनी माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला. मलाही जाणवलं. कातडीखाली काहीतरी जरासं ताणलं आणि सैल झालं. बाळ पोटात पहिल्यांदा हललं होतं, तेव्हा असंच वाटलं होतं.

*

आता आजारी माणसांनी लक्षात ठेवावं असं एक सांगते. शक्ती यायला लागली की हाव सुटते. मला बसता यायला लागलं, मग दोन आडव्या दांड्यांमध्ये धरून उभं राहता यायला लागलं. बहनजी गेल्या की मी गुपचूप पुन्हा पाय उचलत बसायचे. जितकं जास्त करीन तितकी लवकर घरी जाईन, असा माझा हिशेब. दोन-तीन दिवस बरं वाटलं आणि मग एका सकाळी पाय पुन्हा लाकूड झाले. उभं राहता येईना. मला वाटलं, रोग उलटला.

बहनजींनी सगळं विचारून घेतलं आणि पहिल्यांदाच रागावल्या. "थकने से पहले रुकना भी कसरत है," त्या म्हणाल्या. "आप मास्टरनी हैं, बच्चों से एक ही दिन में पूरी किताब रटवाती हैं क्या?"

त्यांनी मला नुसतं पडून राहायला लावलं. दोन दिवसांनी पाय पुन्हा हलले. तेव्हापासून आजवर मी दुपारी पाठ टेकल्याशिवाय राहत नाही. घरी पाहुणे असोत की सणवार.

*

थंडी ओसरता ओसरता घरी आले. चालत नाही. दोन्ही काखांत कुबड्या आणि मागं हे. घरात येताच माझी खरी लढाई सुरू झाली, आणि ती प्रेमाशी होती.

जीजींनी माझ्यासाठी पुढच्या खोलीत गादी घातली होती. गादीवरून त्या मला हलू देईनात. ताट समोर आलं की घास करून तोंडात. पाणी प्यायचं तर पेला त्यांच्या हातात. सकाळ-संध्याकाळ तिळाच्या तेलानं पाय रगडायच्या. तेल चांगलं वाटायचं, ते मी कधी नाकारलं नाही. पण मी उठायला गेले की त्या धावत यायच्या. "काबरं उठती पोरी? मी हाये ना." काबरं म्हणजे कशाला. हा शब्द मी दिवसातून शंभरदा ऐकत होते.

मी यांना सांगितलं. हे जीजींना समजवायला गेले तर त्या रडल्या. "इतके दिवस परक्या गावी पडली होती. आता तरी मले करू दे." हे मध्येच अडकले. शिवाय यांना भोपाळला रुजू व्हायचा हुकूम आला होता, आणि तो बदलून मिळावा म्हणून यांच्या अर्जविनंत्या चालू होत्या. घरात आम्ही तिघंही एकमेकांशी जपून बोलत होतो आणि जपून बोलण्यानंच कंटाळलो होतो.

याच दिवसांत चांदनीहून यांची एक मावशी बघायला आली. ती आणि जीजी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मला ऐकू जात नाही, अशा समजुतीनं मावशी म्हणाली, "सून अशी झाली. पोरगा तरणा आहे, एकच पोर पदरात. पुढं काय करायचं ठरवलं?"

भांड्यांचा आवाज थांबला.

"तिचे पाय गेले," जीजी म्हणाल्या. "घर नाही गेलं तिचं. तू चहा घे."

मावशी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मी जीजींना ते ऐकल्याचं कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसानंतर त्यांच्यावर चिडणं मला जमेना, आणि गादीवर पडून राहणंही जमेना.

*

एका दुपारी जीजी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी एकटीच एक कुबडी आणि भिंत धरून मोरीपर्यंत गेले. जाताना ठीक गेले. परत येताना कुबडी ओल्या फरशीवरून सरकली आणि मी पडले. लागलं फार नाही, पण आवाज मोठा झाला. जीजी सूप टाकून धावत आल्या आणि माझ्या काखेत हात घातला.

"जीजी, थांबा," मी म्हटलं. "मला उठू द्या."

"वेडी झाली का?"

"मला शिकवलंय. तुम्ही फक्त तो स्टूल इथं सरकवा. मग हात लावू नका."

त्यांनी स्टूल सरकवला आणि हात मागं घेतले. बहनजींनी शिकवलं होतं तसं मी आधी कुशीवर वळले. मग कोपरावर. मग दोन्ही हात जमिनीवर टेकवून गुडघ्यांवर आले. तिथं दम लागला, थांबले. थकायच्या आधी थांबायचं. स्टुलावर दोन्ही हात ठेवले. एक पाय पुढं घेतला, तो दोनदा घसरला. तिसऱ्यांदा टिकला. मग जोर करून स्टुलावर बसले.

याला किती वेळ लागला कोण जाणे. मी वर पाहिलं तर जीजी माझ्यासमोर ओल्या फरशीवर बसलेल्या. पदर तोंडात कोंबलेला, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. ते हात माझ्याकडे येऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतःच ते दाबून ठेवले होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

त्या उठल्या आणि ज्वारी पाखडायला गेल्या. बराच वेळ सुपाचा आवाज आला नाही. मग यायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझा चहा आणला आणि हातात न देता कोनाड्यात ठेवला, मला चार पावलं चालावं लागेल इतक्या अंतरावर. "तिथं आहे," म्हणाल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. चहा प्यायले तेव्हा तो निवला होता. त्याइतका चांगला चहा मी कधी प्यायले नाही.

*

उन्हं तापायला लागली तशी वसंता पहाटे उजाडता उजाडता फोपनारहून बैलगाडी घेऊन यायला लागला. माझी आणि जीजींची स्वारी तापीच्या राजघाटावर. बहनजींनी निघताना सांगितलं होतं की, नदी जवळ असेल तर पाण्यात उभ्या राहा, पाणी तुमचं निम्मं वजन उचलेल. तापीला तेव्हा पाणी संथ होतं. वसंता मला पायऱ्यांवरून उतरवून कमरेइतक्या पाण्यात सोडायचा आणि वर जाऊन बैलांजवळ बसायचा. जीजी लुगडं खोचून शेजारी उभ्या राहायच्या. हात लावायच्या नाहीत. इतकं त्या शिकल्या होत्या.

जमिनीवर जे पाऊल उचलता उचलत नव्हतं, ते पाण्यात आपोआप वर यायचं. मी पाण्यातच आधी चालायला शिकले, मग कोरड्यावर. घाटावरच्या बायका सल्ले द्यायच्या. कुणी ताईत सांगे, कुणी नवस. जीजी सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या, "कसरत चालू आहे तिची." हा शब्द त्यांच्या तोंडी इतका बसला की पुढं त्यांचे स्वतःचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्याही माझ्याबरोबर भिंतीला टेकून पाय उचलायला लागल्या.

खाण्यापिण्याचं विचाराल तर विशेष काही नाही. ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, दूध, पालेभाजी आणि वसंताच्या बागेतली केळी. वेळेवर जेवण, दिवेलागणीनंतर लवकर झोप, सकाळचं ऊन अंगावर. आजारापूर्वी मी शाळेतून येऊन उभ्या उभ्या दोन घास खायची आणि पुन्हा कामाला लागायची. ते मी सोडलं. व्यायाम मात्र एक दिवसही सोडला नाही, थोडाच पण रोज. कंटाळा यायचा. फार यायचा. सांगायला हवं म्हणून सांगते, धीरापेक्षा मला कंटाळ्याशीच जास्त झगडावं लागलं.

यांच्या अर्जाचं शेवटी फळ आलं. भोपाळऐवजी खंडवा मिळालं, आणि दर शनिवारी हे घरी येऊ लागले. आले की आधी मला गल्लीत चालायला लावायचे. आता चार पावलं पुढं मुळीच जात नाहीत.

*

मंजूला परत आणली तेव्हा मी काठी घेऊन चालत होते. ती वसंताच्या बायकोच्या मागं लपली. मधल्या काळात तिनं मामीलाच आई म्हणायला सुरुवात केली होती. काठीकडे बघून तिनं विचारलं, "ही आजी आहे का?" सगळे हसले, मीही हसले. मग आत जाऊन तोंड धुऊन आले.

काही दिवस ती माझ्याशी पाहुण्यासारखी वागली. मागितलं तर पाणी आणून द्यायची, हाक मारली तर हळूच यायची. घरातल्या सगळ्यांनी तिला बजावलं होतं, आईला त्रास द्यायचा नाही. तिचं ते शहाणपण मला बघवत नव्हतं.

शाळा उघडायच्या सुमारास एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. केसांत गुंता होता, तिला दुखलं. ती माझ्या हातातून निसटून पळाली, ती थेट समोरच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसली आणि तिथून मला जीभ दाखवली. मी हाक मारली, आली नाही. पुन्हा मारली. मग मी गल्ली ओलांडून गेले, तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत घरी आणली. पायऱ्यांवर बसवलं, गुंता सोडवला, दोन घट्ट वेण्या घातल्या आणि वर एक धपाटा दिला.

ती भोकाड पसरून आत जीजींकडे गेली. "आजी, आईनं मारलं."

जीजी डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मारणारच," त्या म्हणाल्या. "बरी झालीय आता तुझी आई."